श्वासाची वांटणी

एकाच छपराखालीं राहणाऱ्या दोघांपैकीं एकाच्या नुसत्या असण्यानेंच दुसऱ्याचा श्वास कोंडत असेल, तर घरधन्याचें कर्तव्य काय? मूल दम्यानें बेजार आहे, मांजर जवळ आलें कीं त्याची छाती घरघरूं लागते. अशा घरांत हा प्रश्न ग्रंथांतल्यापेक्षां अधिक निकडीनें उभा राहतो. शेजारी सांगतात, मांजर पोत्यांत घाला आणि शिवेबाहेर सोडून या. सल्ला सोपा खरा. पण न्याय्य आहे काय?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. व्हिएन्नाचे वैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं 'ॲलर्जी' हा शब्द योजला. मांजराचा केस हा येथें खरा अपराधी नव्हे. त्याच्या लाळेंत व त्वचेच्या ग्रंथींत उत्पन्न होणारें एक प्रथिन कोंड्याच्या सूक्ष्म कणांवर बसून हवेंत तरंगतें, आणि मांजर घालविल्यावरहि गाद्यागोधड्यांत कित्येक महिने टिकतें. म्हणजे हद्दपारीनेंहि रोग्याला तत्काळ सुटका नाहीं.

परळी तालुक्यांतील सिरसाळ्यासारखें गांव घ्या. मराठवाड्यांतील जुन्या माळवदी वाड्यांत गुरांना गोठा, कुत्र्याला ढाळज, मांजराला चुलीची ऊब, अशी ज्याची त्याची जागा असे. चुलीच्या धुरानें बायकांच्या छात्या जळत, हें विसरून त्या काळाचे गोडवे गाणें मात्र खोटें. आतां सिमेंटच्या बंद खोलींत सर्वजण तीच ती हवा घेतात. खिडकी उघडावी, तर सुगींत खळ्यावरची धूळ आंत येते.

यावर यंत्र निघालें आहे. हेपा जातीची गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे कण शेंकडा ९९.९७ या प्रमाणांत अडविते. परंतु जी हवा तिच्यांतून जाते तीच ती गाळते. गादींत रुतलेला कण तिच्या हातीं लागत नाहीं. म्हणून निजण्याच्या खोलींत मांजराला मज्जाव, गोधड्या कढत पाण्यांत धुणें, जमीन ओल्या फडक्यानें पुसणें, हे श्रम टळत नाहींत.

आणि नीतीचा प्रश्न येथेंच आहे: हे श्रम कोणाचे? मुलानें हा आजार निवडला नाहीं, मांजरानें हें घर निवडलें नाहीं. निवड केली ती घरधन्यानें. प्राणी पाळण्याचें सुख आपण घ्यावें, धुणेंपुसणें पत्नीवर टाकावें आणि किंमत मुलाच्या फुप्फुसांनीं द्यावी, याला भूतदया म्हणतां येत नाहीं. पैठणच्या एकनाथमहाराजांनीं तहानेल्या गाढवाला गंगोदक पाजल्याची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतों. तें पाणी दुसऱ्याच्या कावडींतलें नव्हतें, हें मात्र ध्यानांत घेत नाहीं.

श्रम करूनहि मुलाचा दमा हटेना, किंवा वैद्यानें धोका सांगितला, तर मांजरानें घर सोडलेंच पाहिजे. तेथें मुलाचा श्वास श्रेष्ठ. पण तेव्हांहि त्याला दुसरें घर शोधून देणें हें ज्यानें तें पाळलें त्याचेंच काम. पोतें आणि शीव हा त्या कामांतून अंग काढून घेण्याचा मार्ग होय.