तापीकाठचा शेजार

नदीच्या काठी वसलेल्या आणि नदीच्याच आधाराने शतकानुशतके श्रीमंत झालेल्या नगरातून नदी दिसेनाशी व्हावी, हा प्रकार सुरतेत घडला आहे, आणि त्याचा दोष कोणा एकाच्या माथी मारता येणार नाही. 1968 सालचा महापूर ज्यांनी पाहिला, आणि 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी दाराशी, माजघरात आणि शेवटी माळ्यावर येताना ज्यांनी अनुभवले, त्यांनी तापीच्या दोन्ही तीरांवर मातीचे बांध आणि काँक्रीटच्या उंच भिंती उभारल्या, तर त्यांना नावे कोण ठेवील? परंतु भिंतीने पूर अडतो, तशी नदीशी असलेली नित्याची ओळखही अडते. आणि म्हणूनच त्या भिंतींना जिथे जिथे खिंड आहे, जिथे जुन्या घाटाच्या पायऱ्या अजून पाण्यापर्यंत उतरतात आणि त्यांच्या माथ्यावर दोन झाडे, चार बाके आणि हिरवळीचा एखादा पट्टा टिकून आहे, त्या लहानशा जागांचे मोल शहरातील सर्व विस्तीर्ण उद्यानांहून मला अधिक वाटते. सुरतकर अशा घाटाला ओवारा म्हणतात. अशाच एका ओवाऱ्याच्या माथ्यावर, ऊन कलल्यानंतर, माणसांबरोबर कुत्रीही येऊन बसतात, आणि त्यांना हाकलण्याचा हुकूम तेथे कोणी काढलेला नाही.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. ज्याला सार्वजनिक म्हणावे अशा स्थळांतून कुत्र्याला प्रायः मज्जावच असतो. बागेच्या फाटकावरील मनाईच्या फलकात फुले तोडणे, चेंडू खेळणे आणि कुत्री आणणे हे तीन अपराध बहुधा एकाच पंक्तीत बसवलेले आढळतात. ओवाऱ्यावर असा फलक नाही, त्यामुळे तेथील वहिवाट लोकांनी आपसांतच ठरवली आहे. एका सायंकाळी पाहिलेला प्रसंग सांगतो. भरती चढत होती; सिंगणपूरचा 1995 सालचा बंधारा ओलांडून समुद्राला वर जाता येत नसल्याने त्याच्या खालच्या अंगाची तापी ही अर्धी नदी आणि अर्धी खाडीच असते, आणि भरतीच्या वेळी तिचे गढूळ, मचूळ पाणी पायरीमागून पायरी गिळत वर येते. एका शाळकरी मुलीने साखळीला धरून आणलेला धिप्पाड लॅब्राडॉर उन्हाने धापा टाकीत खालच्या पायरीपर्यंत गेला, त्याने पाणी हुंगले आणि जीभ न लावताच मान फिरवली. मुलीने पिशवीतून बाटली काढून ओंजळीत पाणी ओतले. ते त्याने लपलप प्यायले, आणि जे सांडले त्याच्या ओल्या डागाकडे वरच्या पायरीवर बसलेली तांबूस रंगाची एक गावठी कुत्री, जिच्या कानाचे टोक निर्बीजीकरणाची खूण म्हणून कापलेले होते, अंग चोरीत पुढे आली. मुलीने क्षणभर आईकडे पाहिले, आईने मान हलवली, आणि दुसरी ओंजळ त्या कुत्रीसाठी भरली गेली. लॅब्राडॉर नुसता पाहत राहिला, गुरगुरला नाही.

त्या दुसऱ्या ओंजळीला दया म्हणावे काय, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कारण दयेच्या बाबतीत सुरत शहराने कोणापुढे मान खाली घालावी असे नाही. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री 1689 साली येथे आला होता, आणि 1696 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने येथील वाण्यांनी गाई, घोडे, शेळ्या, कुत्री अशा रोगी व पंगू जनावरांसाठी चालवलेल्या इस्पितळाची हकीकत मोठ्या विस्मयाने नोंदवली आहे. ज्या काळी युरोपातील नगरांना असली कल्पना शिवलीही नव्हती, त्या काळी सुरतेचा व्यापारी आपल्या नफ्यातून मुक्या प्राण्यांचा खर्च भागवीत होता. पुढे सुरतेचा व्यापार मुंबईस गेला, त्याबरोबर पारशी, जैन आणि वाणी कुटुंबे गेली आणि हा संस्कारही गेला. 1832 च्या जून महिन्यात मुंबई सरकारच्या शिपायांनी कोटातील बेवारशी कुत्री मारण्यास आरंभ केला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, आणि कंपनी सरकारला दंगा मोडण्यासाठी फौज आणावी लागली. मृताला शेवटचा निरोप ज्याच्या दृष्टिक्षेपाने द्यावयाचा, तो सगदीदचा मान ज्या धर्मात कुत्र्याला आहे, त्या धर्माच्या लोकांना हा हुकूम असह्य वाटावा यात नवल नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरापोळ स्थापन केली.

या परंपरेविषयी माझ्या मनात निस्सीम आदर आहे. तरीही तिची एक मर्यादा मला जाणवते. पांजरापोळीत जनावर सुखरूप राहते, पण ते आपल्या वाटेतून दूर होते. दाता देणगी देतो, पावती घेतो, पुण्य जोडतो, आणि ज्या प्राण्यासाठी हे सारे केले त्याच्या शेजारी एक घटकाभर बसण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. दया दुरूनही करता येते. सहवासाला मात्र जागा लागते, वेळ लागतो, आणि दोन्ही बाजूंनी थोडे सोसावे लागते. नामदेवांची भाकरी घेऊन कुत्रा पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा मराठी घरात प्रत्येक मुलाच्या कानावर पडते. तिच्यातील तूप मला भूतदयेचे वाटत नाही. कोरडी भाकरी पाहुण्याच्या पानात पडू नये, ही त्या धावण्यातील तळमळ आहे. ओवाऱ्यावरील मुलीची दुसरी ओंजळ त्या तुपाच्या जातीची होती.

सहवास म्हणताच त्याचे धोकेही मोजले पाहिजेत, आणि ते मोजण्याचे टाळणाऱ्या श्वानप्रेमी मंडळींशी माझा मतभेद आहे. कुत्र्याला भिणारे मूल, काठी टेकीत येणारे आजोबा, पूर्वी कधी चावा सोसलेली बाई, यांचाही त्या पायऱ्यांवर तितकाच हक्क आहे. रेबीज एकदा लक्षणांनिशी प्रकट झाला की त्यावर जवळजवळ उपाय नाही. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात भातशेतीत आणि चिखलात राबणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस गाठतो. त्याचे जंतू उंदीर, गुरे आणि कुत्री यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतात, आणि कुत्र्यांपुरता त्यावर लशीचा बंदोबस्त करता येतो. तेव्हा लस टोचलेली नसेल त्या पाळीव कुत्र्याला नदीकाठी आणू नये, साखळी सोडू नये, विष्ठा ज्याची त्याने उचलावी, हे नियम कडक असावेत आणि ते पाळले जावेत, असेच मी म्हणेन. भटक्या कुत्र्यांविषयी 2001 सालच्या आणि नंतर 2023 सालच्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याची पद्धत घालून दिली. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात, पिसाळलेली आणि हिंस्र कुत्री वगळून, तीच पद्धत कायम ठेवली आणि त्यांना खाऊ घालण्यासाठी वॉर्डावॉर्डांतून जागा नेमून देण्यास सांगितले. खाण्याची जागा ठरली. बसण्याची, हिंडण्याची, पाण्याजवळ जाण्याची जागा ठरवणे अजून राहिले आहे. हैदराबादच्या महानगरपालिकेने 2018 साली कोंडापूर येथे खास कुत्र्यांसाठी उद्यान उघडले, तेव्हा हे काम आपल्याकडे अशक्य आहे असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

त्याच ओवाऱ्यावर एक वृद्ध गृहस्थ कागदाच्या पुडीत बिस्किटे घेऊन येतात. उधन्याच्या मागांवर उमेद गेलेली, मूळ गाव सारंगखेड्याच्या बाजूचे. लिंबायत आणि उधना या भागांत खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी वस्ती मोठी आहे, आणि शहराच्या तलम कापडामागे तिचे हात आहेत. मी सहज विचारले, “आबा, रोज इतक्या लांब कशाला येता? घराजवळही कुत्री असतील की.”

ते म्हणाले, “कुत्री आहेत हो, पण ही तिथं नाही,” आणि त्यांनी नदीकडे बोट केले. “आमच्या गावावरूनच येते ना ही.”

मुलताईला उगम पावून, चांगदेवाशी पूर्णेला पोटात घेऊन, सारंगखेडा आणि प्रकाशे यांवरून येणारी हीच ती तापी. सारंगखेड्याला दत्तजयंतीस घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आणि ज्याच्या पायाशी कुत्री बसलेली असतात अशा देवाचे नाव घेत वाढलेल्या माणसाला, नदी आणि कुत्री एकत्र सापडावीत म्हणून शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला यावे लागते. त्यांच्या गल्लीजवळ बाग नसेल असे नाही. परंतु बागेत कुत्र्याला प्रवेश नाही, आणि जिथे पाणी आहे तिथे पुष्कळदा तिकीट आहे. मलिक गोपीने सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला गोपी तलाव महानगरपालिकेने फार कष्टाने पुन्हा जिवंत केला, त्याबद्दल तिचे आभारच मानले पाहिजेत. पण आज त्याच्या काठावर पोचण्यासाठी खिडकीशी पैसे मोजावे लागतात, आणि बिस्किटांची पुडी घेऊन येणाऱ्या माणसाला त्या खिडकीपाशीच आपण आगंतुक आहोत असे वाटू लागते. कुत्र्याला मज्जाव आणि गरिबाला संकोच, हे दोन्ही एकाच फाटकावर घडते, हा योगायोग मला वाटत नाही. जिथे प्रत्येक जागेचा जमाखर्च मांडला जातो, तिथे ज्याच्याकडून वसूल होण्यासारखे काही नाही असा जीव प्रथम बाहेर राहतो.

हे आताच सांगण्याचे कारण असे की रुंढ आणि भाठा यांच्या दरम्यान तापीवर बॅरेज बांधून शहरातील पात्र बारमाही भरलेले ठेवण्याची आणि दोन्ही तीर सुशोभित करण्याची योजना महानगरपालिकेने हाती घेतली आहे. पाणी गोडे झाले की त्या लॅब्राडॉरला मान फिरवावी लागणार नाही, ही आनंदाची गोष्ट. परंतु तीर एकदा सुशोभित झाला की त्याला कुंपण येते, कुंपणामागून मक्तेदार येतो आणि मक्तेदारामागून मनाईचा फलक. म्हणून नकाशे कागदावर आहेत तोवरच माझा अर्ज आहे: दोन्ही तीरांवर, नव्या वस्तीच्या अडाजणकडे आणि जुन्या शहराच्या नानपुऱ्याकडेही, एकेक लहानसा तुकडा असा राखून ठेवावा की ज्याला एकामागे एक अशी दोन फाटके असतील, म्हणजे साखळी सुटली तरी कुत्रा रस्त्यावर धावणार नाही, कुत्र्याचे तोंड पोचेल इतक्या उंचीवर एक नळ असेल, भिणाऱ्यांसाठी वेगळी वाट आणि वेगळी बाके असतील, लसीचा दाखला पाहणारा एक माणूस सकाळ-संध्याकाळ नेमलेला असेल, आणि पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरत असतील. तिकिटाची खिडकी तेथे नसावी. उधन्याहून येणाऱ्या आबांचे बसभाडे तेवढे त्यांनी भरावे, पुढे त्यांच्याकडे कोणी काही मागू नये.