सुगंध मातीचा की उन्हाचा?

मे महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात पारा चाळिशी ओलांडतो. तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन भेगाळते, बांधावरचं गवत वाळून जातं. नेमक्या याच दिवसांत भुईचाफ्याचा जमिनीखालचा कंद जागा होतो. पान एकही नाही, दांडा नाही. मातीतून थेट पांढरी-जांभळी सुवासिक फुलं वर येतात. पानं नंतर, पावसाच्या सुमाराला. उघड्या जमिनीतून हा वास येताना पाहिला की प्रश्न पडतोच: तो इतके दिवस होता कुठे?

भारतीय दर्शनांनी हा प्रश्न मनापासून घेतला आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते गंध हा पृथ्वीचा, आणि फक्त पृथ्वीचाच, विशेष गुण. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ लिहिला, त्यात पृथ्वीची व्याख्याच गंधावरून केली आहे. पाण्याला वास आला तर तो त्यात मिसळलेल्या पार्थिव कणांचा. मग दगडाला वास का नाही? तर तो आहे, पण प्रकट नाही; दगडाचं भस्म केलं की गंध जाणवतो, असं उत्तर नैयायिक देतात. न दिसणाऱ्या गुणाला नाकारायचं नाही, तो प्रकट व्हायची वाट पाहायची, ही त्यामागची दृष्टी फार सुंदर आहे.

आणि प्रकट कशाने होतो? उष्णतेने. पृथ्वीचे रूप, रस, गंध, स्पर्श हे ‘पाकज’, म्हणजे तेजाच्या संयोगाने पालटणारे, असं हे दर्शन सांगतं. टीकाकारांचं उदाहरण अढीतल्या आंब्याचं: आतल्या उबेने रंग पालटतो, चव पालटते, वास सुटतो. वैशाखात फुलणाऱ्या भुईचाफ्याला याहून जवळचं तत्त्वज्ञान मिळणं कठीण.

पण इथे एक अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं नाही. फ्लेमिश वैद्य यान वान हेल्मोंट याने कुंडीतल्या मोजून घेतलेल्या मातीत पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं. माती जेमतेम दोन औंस घटली. 1648 मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याला वाटलं, झाड पाण्याचं बनलं. पुढे कळलं की त्यात हवेतल्या कार्बनचा आणि सूर्यप्रकाशाचा मोठा वाटा असतो. फुलाच्या सुवासाचे रेणूही त्याच कार्बनवर उभे असतात. म्हणजे माती कंदाला आधार, पाणी आणि क्षार देते. सुवासाचा कच्चा माल मात्र हवेतून येतो.

निशिगंधाने तर ही गाठ आणखी घट्ट केली आहे. हा मूळचा मेक्सिकोचा. जुन्या पूजाविधींना तो ठाऊकच नव्हता, तरी आज मराठी देवघरात आणि लग्नाच्या हारात त्याला कुणी परका म्हणत नाही. फ्रान्समधल्या ग्रास गावचे अत्तरवाले त्याची खुडलेली फुलं चरबीच्या थरावर पसरून ठेवत, कारण मोगऱ्याच्या कुळातल्या जाईसारखाच निशिगंधही खुडल्यानंतर बराच वेळ नवा सुगंध घडवत राहतो. कंदापासून, मातीपासून तुटलेलं फूल मूर्तीच्या गळ्यातही काम करत असतं! अर्पण हे तोडण्याच्या क्षणी संपत नाही, हे इथे शब्दशः खरं आहे.

मग दर्शन खोटं ठरलं का? पदार्थविज्ञान म्हणून ते अपुरं आहे, हे मान्य करावं. पण मानसपूजेत एक लक्षणीय वाटणी आहे. पंचोपचारांत चंदनाचं गंध पृथ्वीच्या नावे वाहतात आणि फूल आकाशाच्या नावे. गीतेच्या सातव्या अध्यायातही श्रीकृष्ण पृथ्वीतला पवित्र गंध म्हणजे आपण, असं सांगतात. तो कोणत्या द्रव्यापासून बनला, हा तिथला विषयच नाही. सुगंध कशाचा बनतो आणि सुगंधात काय भेटतं, हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर बदललं म्हणून दुसरा मिटत नाही. हुंगलेलं फूल देवाला न वाहण्याचा घरोघरचा रिवाज या दुसऱ्या प्रश्नातूनच आला असावा: पहिला श्वास आपला नाही.

कळसाडीच्या परसात देवासाठी निशिगंध लावायचा तर एकेरी पाकळ्यांचा निवडावा; दुहेरीपेक्षा त्याचा वास अधिक. काढलेले कंद काही आठवडे सावलीत विसावू द्यावेत आणि एप्रिल-मेमध्ये पाच-सहा सेंटिमीटर खोल लावावेत. काळ्या जमिनीत पाणी साचलं तर ते कुजतात, म्हणून शेणखत घालून गादीवाफा करावा. तीनेक महिन्यांत दांडे येतात आणि कळ्या खालून वर, संध्याकाळी उमलू लागतात.