निर्दोष तण आणि नदीचे ऋण

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सडबरी, असाबेट, कॉन्कर्ड आणि चार्ल्स या नद्यांवर उन्हाळ्यात स्वयंसेवक कयाक आणि कनू घेऊन उतरतात आणि पाण्यावर पसरलेला शिंगाडा हाताने उपटून काढतात. नदीसंरक्षणाचे काम करणाऱ्या संस्था ही मोहीम आखतात. उपटणाऱ्यांना मोबदला मिळत नाही. वरवर पाहता ही साफसफाई आहे, पण तिच्या मुळाशी धर्मविचारातला एक जुना प्रश्न आहे: एका जिवाच्या रक्षणासाठी दुसऱ्या जिवाचा नाश करणे धर्माला धरून आहे का, आणि असेल तर कोणत्या अटींवर?

शिंगाडा ही युरोप, आशिया आणि आफ्रिका या खंडांतली वर्षायू पाणवनस्पती. भारतात तळ्यांतून तिची लागवड होते, आणि महाराष्ट्रात शिंगाड्याचे पीठ उपवासाला चालते. भारतातल्या लागवडीच्या शिंगाड्याला बहुधा दोन शिंगे असतात, मॅसॅच्युसेट्समधल्याला चार. शास्त्रज्ञ दोघांना एकाच किंवा अगदी जवळच्या प्रजातींत ठेवतात. अमेरिकेत ही वनस्पती आपण होऊन पोहोचली नाही. १८७०च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या केंब्रिज येथील वनस्पती उद्यानात ती वाढवली गेली, आणि जवळपासच्या पाण्यातही तिचे बी टाकले गेले. १८७९पर्यंत ती बागेबाहेरच्या पाण्यात रुजल्याची नोंद झाली होती.

तिची वाढ समजून घेतली की पुढचा नैतिक प्रश्न स्पष्ट होतो. चिखलातल्या बीमधून लांब दोरीसारखे खोड वर येते आणि पाण्यावर पानांचा पसरट झुबका तरंगू लागतो. एका बीपासून १० ते १५ झुबके तयार होऊ शकतात आणि प्रत्येक झुबक्याला १५ ते २० फळे धरू शकतात. पिकलेले फळ गळून तळाशी जाते, आणि त्यातले बी सुमारे १२ वर्षांपर्यंत रुजण्याची क्षमता टिकवून ठेवू शकते. झुबके एकमेकांना भिडले की खालच्या पाण्यात ऊन पोहोचत नाही, तिथल्या मूळच्या वनस्पती मरतात, आणि कुजणाऱ्या पानांमुळे पाण्यातला प्राणवायू घटून मासे गुदमरतात. भारतात या पिकावर शिंगाड्याचा भुंगेरा पडतो आणि शेतकरी त्याला कीड मानतो. मॅसॅच्युसेट्समध्ये शिंगाडा आला, पण त्याला आवरणारे असे जीव आले नाहीत.

पहिला प्रश्न दोषाचा. शिंगाडा परका आहे म्हणून वाईट, हे म्हणणे टिकत नाही. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातली मिरची, बटाटा आणि मका अमेरिका खंडांतून आले. मॅसॅच्युसेट्समधले सफरचंद आणि मधमाशी युरोपातून गेली. त्यांना कोणी उपटून टाकत नाही वा हाकलून देत नाही. उलट दिशेचे उदाहरणही आहे. दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी तिथल्या नद्यांत आपल्या जागी असते. ती शोभेची म्हणून भारतात आणली गेली आणि आज पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा आणि पंचगंगा या नद्यांवर तिचा थर साचतो. दोष वनस्पतीच्या जातीतही नाही आणि तिच्या उगमातही नाही. दोषाला संकल्प लागतो, आणि शिंगाड्याला संकल्प नाही. त्याने फक्त आपला स्वभाव पाळला. संकल्प माणसाचा होता: परिणामांचा विचार न करता एक जीव उचलून दुसऱ्या खंडात ठेवण्याचा. म्हणून तणाबद्दल बोलताना ‘शत्रू’, ‘घुसखोर’, ‘युद्ध’ असे शब्द वापरणे केवळ अतिशयोक्तीचे नाही, ते अन्यायाचे आहे. असे शब्द माणसाच्या चुकीचा भार मुक्या जिवावर टाकतात.

दोष नाही हे मान्य केले की दुसरा प्रश्न अधिक कठीण होतो, कारण मग उपटणे म्हणजे निरपराध जिवाची हिंसा ठरते. भारतीय परंपरांनी ही हिंसा क्षुल्लक मानलेली नाही. जैन विचारात वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे, त्याला स्पर्शाचे एक इंद्रिय आहे. जैन साधू पानही तोडत नाहीत. बौद्ध विनयात भिक्षूने वनस्पतीचा नाश करणे हा प्रायश्चित्ताला पात्र असा अपराध आहे. आणि ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, अहिंसेचे विवरण करताना, ज्ञानेश्वर नेमक्या याच युक्तिवादावर बोट ठेवतात. एका जिवाला वाचवण्यासाठी दुसऱ्या जिवांचा घात करून त्याला अहिंसा म्हणणे त्यांना मान्य नाही. औषधासाठी झाडे मुळासकट उपटणाऱ्यांचे उदाहरणही ते तिथे घेतात. झाडाच्याच फांद्या तोडून त्याच्या बुंध्याला कुंपण घालावे, तसा हा प्रकार आहे असे ते म्हणतात. मासे वाचवण्यासाठी शिंगाडा मारणाऱ्याला या आक्षेपाला उत्तर द्यावे लागते.

आधुनिक पर्यावरणविचारातले नेहमीचे उत्तर आल्डो लिओपोल्ड यांच्याकडून आले आहे. १९४९मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या पुस्तकात त्यांनी भूमीचे नीतिशास्त्र मांडले. माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी मिळून एक समाज होतो, आणि त्या समाजाची अखंडता व स्थैर्य राखणारी कृती योग्य, असा त्याचा आशय. नदी वाचते म्हणून शिंगाडा उपटणे योग्य, असे यावरून म्हणता येते. पण हे उत्तर अपुरे आहे. समष्टीच्या हितासाठी व्यक्तीचा बळी सहज मान्य करण्याची वाट त्यातून उघडते, आणि टॉम रेगन यांच्यासारख्या प्राणिहक्कांच्या तत्त्वज्ञांनी १९८०च्या दशकात हा धोका कठोरपणे दाखवून दिला. शिवाय ज्ञानेश्वरांचा आक्षेप तसाच उरतो: हित कितीही मोठे असले तरी हिंसेला अहिंसा म्हणता येत नाही.

अधिक प्रामाणिक उत्तर हिंसा नाकारत नाही, ती मान्य करून पुढे जाते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. रोजच्या वापरात त्यांच्यामुळे जीव मरतात. शास्त्र त्यासाठी चूल विझवायला किंवा केर न काढायला सांगत नाही, आणि हे घडणारे पाप नाही असेही म्हणत नाही. त्या पापाच्या परिहारासाठी ते गृहस्थाला रोजचे पाच महायज्ञ लावून देते, आणि त्यांतला एक भूतयज्ञ म्हणजे इतर प्राणिमात्रांचा वाटा त्यांना देणे. गीतेचा अठरावा अध्यायही हीच जाणीव ठेवतो. अग्नीबरोबर धूर असावा तसा प्रत्येक कर्माबरोबर दोष असतो, म्हणून वाट्याला आलेले कर्म सोडू नये, असे तिथे सांगितले आहे.

शिंगाड्याच्या बाबतीत हे कर्म वाट्याला कसे आले, हे महत्त्वाचे आहे. बी टाकणारा माणूस होता, म्हणून निस्तरण्याची जबाबदारी माणसावर येते. मूळ चूक करणारे केव्हाच गेले, पण ऋण ही कल्पनाच अशी आहे की ते पिढीबरोबर संपत नाही. वडिलांचे कर्ज मुलाकडे येते. इथे ज्ञानेश्वरांच्या आक्षेपाला खरे उत्तर मिळते. उपटणे हे अहिंसा नाही. ते एका जुन्या हिंसेच्या परिमार्जनासाठी स्वीकारलेली, मर्यादित आणि दोषयुक्त हिंसा आहे. न उपटणे हाही निर्दोष पर्याय नाही, कारण हात मागे घेतला तरी माणसाने सुरू केलेला नाश पाण्याखाली चालूच राहतो. दोन्हीकडे हिंसा असताना कमी हिंसेची बाजू निवडणे आणि तिचा भार ओळखणे, एवढेच हातात उरते.

यातून तिसरा प्रश्न निघतो, रीतीचा. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडलेली आहे: बेसावधपणे, विकारवश होऊन केलेला प्राणघात म्हणजे हिंसा. कृती कशी होते यावर तिचा दोष वाढतो किंवा घटतो. विस्तीर्ण पाण्यावर दाट थर असेल तर तो कापून गोळा करणारी यंत्रे वापरावी लागतात, आणि यंत्र जे समोर येईल ते उचलते. कयाक उथळ पाण्यावर तरंगते, तळ ढवळत नाही, आणि काठाच्या कोपऱ्यात, मूळच्या कमळवर्गीय वनस्पतींच्या मधूनही जाऊ शकते. स्वयंसेवक झुबका धरतो, खोडाच्या दिशेने हात खाली नेतो आणि मूळ चिखलातून सुटेपर्यंत सावकाश ओढतो. जोराने ओढले तर खोड तुटते. पिकलेली फळे गळून पुन्हा रुजतात, म्हणून ती पिकण्याआधीच काम करावे लागते. पानांत अडकलेल्या गोगलगायी आणि किडे पाण्यात परत सोडता येतात. उपटलेले तण टोपल्यांत भरून काठापासून दूर नेले जाते आणि त्याचे खत होते. ज्ञानेश्वरांनी त्याच तेराव्या अध्यायात अहिंसकाचे चालणे वर्णिले आहे: लाट मोडू न देता, पाण्याची शांतता न ढळवता टाकलेले पाऊल. हाताने आणि निवडून तण काढणारा पूर्ण अहिंसक होत नाही, पण त्याच्या कामाची दिशा तीच असते.

चौथा प्रश्न फळाचा. चिखलातले बी १२ वर्षे टिकू शकते, म्हणून एका उन्हाळ्याच्या कष्टाने काहीच संपत नाही, आणि एखादे वर्ष सुटले तर आधीची मेहनत बरीचशी वाया जाते. वरच्या अंगाच्या नदीतून नवे बीही वाहत येते. अशा कामात यशाची आस धरणारा लवकर थकतो. गीतेतला सात्त्विक कर्ता इथे उपयोगी पडतो: धैर्य आणि उत्साह असलेला, यशाने न फुलणारा आणि अपयशाने न खचणारा. गीतेचा उल्लेख या नद्यांना उपरा नाही. कॉन्कर्ड गावच्या हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८३९मध्ये भावाबरोबर याच पाण्यातून होडीने प्रवास केला, आणि त्यावर १८४९मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात गीतेवर विस्ताराने लिहिले. थोरो १८६२मध्ये वारले, शिंगाडा येण्याआधी. त्यांनी पाहिलेली नदी परत आणण्याचे काम आज ज्या वृत्तीने करावे लागते, तिची चर्चा त्यांनी स्वतः त्या नदीच्या निमित्ताने केली होती.

फलाशा सोडणे म्हणजे परिणामाकडे डोळेझाक करणे मात्र नव्हे. सांडपाण्यातून आणि शेती-बागांतल्या खतांतून येणारे फॉस्फरस आणि नायट्रोजन नदीत साचत राहिले, तर तण उपटूनही पुन्हा माजते. असाबेट नदीत सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतून येणारा फॉस्फरस हा दीर्घकाळचा प्रश्न राहिला आहे. महाराष्ट्रातल्या नद्यांवरची जलपर्णीही मुख्यतः शहरांच्या सांडपाण्यावर पोसते. जो समाज वर्षभर नदीत मैला सोडतो आणि एका रविवारी जलपर्णी काढतो, तो ऋणाचे व्याजही फेडत नाही. स्वयंसेवेचे पूर्ण मोल तेव्हाच, जेव्हा हात पाण्यात घालणारा माणूस काठावर येऊन सांडपाण्याबद्दलही प्रश्न विचारतो.

सारांश असा. परके तण निर्दोष असते, त्यामुळे त्याचा द्वेष करण्याला आधार नाही. ते उपटणे ही हिंसा आहे, आणि तिला दुसरे नाव देणे अप्रामाणिकपणाचे आहे. तरीही माणसाने केलेल्या हानीचे परिमार्जन म्हणून ते कर्तव्य ठरते. मात्र हानी कमीत कमी व्हावी, काम सावधपणे व्हावे, फळावर हक्क सांगू नये आणि हानीचे मूळ कारणही दूर करावे, या अटी त्याला लागू राहतात. त्या पाळल्या तर नदीतले तण काढणे हा भूतयज्ञाचाच एक प्रकार होतो.