पंचाच्या खुर्चीत बसलेली समीक्षा

टेनिसच्या दुहेरीत एकत्र खेळणाऱ्या लिअँडर पेस आणि महेश भूपती यांचं बिनसलं कशामुळे? 1 ऑक्टोबर 2021 रोजी ‘झी फाइव्ह’वर ‘ब्रेक पॉइंट’ ही सात भागांची मालिका आली, तेव्हा तिच्याबद्दलची बरीचशी चर्चा याच एका प्रश्नाभोवती फिरत राहिली. अश्विनी अय्यर तिवारी आणि नितेश तिवारी यांनी दोघांना बोलतं केलं, याचं कौतुक झालं. मालिका लांबली, अशी कुरकुर झाली. आणि सगळं ऐकून झाल्यावरही खरं कोण, खोटं कोण ते कळलंच नाही, म्हणून हिरमोडही झाला. समीक्षक जणू पंचाच्या खुर्चीत चढून बसले होते आणि चेंडू रेषेच्या आत की बाहेर एवढंच त्यांना सांगायचं होतं.

कुतूहल रास्तच होतं. 1999 साली ही जोडी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम फेरीत पोचली. त्यांतल्या फ्रेंच आणि विम्बल्डन तिने जिंकल्या. डेव्हिस कपमध्ये दोघांनी मिळून दुहेरीच्या सलग 24 लढती जिंकल्या. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाचा सामना तिसऱ्या सेटमध्ये 16-14 असा हातून निसटला. अशी जोडी मोडते तेव्हा कारण विचारलं जाणारच. पण आपल्या संमतीने कॅमेऱ्यासमोर बसलेली दोन माणसं आपापल्या बाजूचंच बोलणार. अशा मालिकेकडून निवाडा मागणं म्हणजे वादी आणि प्रतिवादी यांनाच न्यायाधीश नेमणं. दोन हकिकती जुळत नाहीत, हेच या मालिकेतलं सर्वांत प्रामाणिक विधान आहे.

व्यक्तींच्या वैरावर नजर खिळली की त्यांच्यामागची व्यवस्था दिसेनाशी होते. 2012 च्या लंडन ऑलिंपिकचंच घ्या. भूपती आणि दुहेरीतला दुसरा भारतीय खेळाडू रोहन बोपण्णा यांनी पेसबरोबर खेळायला नकार दिला. अखिल भारतीय टेनिस संघटनेने अखेर दोन जोड्या पाठवल्या, पेसचा जोडीदार म्हणून विष्णू वर्धनला निवडलं आणि मिश्र दुहेरीत सानिया मिर्झाला पेसबरोबर खेळायला लावलं. एका खेळाडूची समजूत काढण्यासाठी आपला आमिष म्हणून वापर केला गेला, असं सानियाने जाहीर पत्रकात सुनावलं. पुरुषांच्या दोन्ही जोड्या दुसऱ्या फेरीत बाद झाल्या. या प्रकरणात ‘कोण हट्टी’ यापेक्षा ‘संघ कोण निवडतं, कोणत्या निकषांवर आणि कुणाला विचारून’ हा प्रश्न मोठा आहे. मालिका पाहून तो विचारण्याची जबाबदारी समीक्षेचीही होती.

या नात्याचं एक वळण पुण्यातही घडलं. फेब्रुवारी 2017 मध्ये बालेवाडीत न्यूझीलंडविरुद्ध डेव्हिस कपची लढत झाली. दुहेरीचा एक विजय मिळाला असता, तर पेसच्या नावावर डेव्हिस कपच्या दुहेरीतल्या 43 विजयांचा विक्रम लागला असता; पण तो आणि विष्णू वर्धन हरले. त्यानंतर भूपती भारताचा न खेळणारा कर्णधार झाला आणि एप्रिलमध्ये बंगळुरूच्या लढतीतून त्याने पेसला वगळलं. वाद इतका पेटला की दोघांमधला व्हॉट्सअ‍ॅपवरचा संवाद भूपतीने फेसबुकवर टाकला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये तियानजिनला भारत चीनविरुद्ध 0-2 असा मागे होता. पेस आणि बोपण्णा यांनी दुहेरी जिंकली, पेसचा विक्रम झाला आणि भारताने लढत 3-2 अशी खेचून आणली. तेव्हा कर्णधार भूपतीच होता. दिलजमाई न होताही दोन व्यावसायिक एकत्र काम करू शकतात, हे या घटनाक्रमातून जितकं कळतं, तितकं कुठल्याही मुलाखतीतून कळणार नाही.

2023 मध्ये ‘ब्रेक पॉइंट’ याच नावाची टेनिसवरची दुसरी मालिका नेटफ्लिक्सवर आली. फॉर्म्युला वन शर्यतींवर गाजलेली मालिका करणाऱ्या मंडळींनीच तीही केली होती. निक किर्गिओस, ऑन्स जाबेर, इगा श्वियाँतेक असे चेहरे तिच्यात होते. तरी जाणकारांना ती गुळगुळीत वाटली. माणसं दिसतात, टेनिस दिसत नाही, असा आक्षेप आला. मार्च 2024 मध्ये ती बंद झाली. आक्षेप खराच आहे, पण तो अर्ध्यावर थांबतो. जी माणसं दिसली, तीही बहुतेक शिखराजवळचीच होती.

शिखराखालचं व्यावसायिक टेनिस काय असतं, ते पुण्याला ठाऊक आहे. तरुण बोपण्णा इथे नंदन बाळ यांच्याकडे शिकला आणि जानेवारी 2024 मध्ये, वयाच्या 43 व्या वर्षी, दुहेरीत जगात पहिला झाला. अंकिता रैना आणि ऋतुजा भोसले हेमंत बेंद्रे यांच्या तालमीत घडल्या. ऋतुजाने 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. मधली वर्षं मात्र लहान स्पर्धांची, पात्रता फेऱ्यांची आणि पुरस्कर्ते शोधण्याची असतात. प्रशिक्षकाचं मानधन, विमानाचं भाडं, हॉटेल हा सगळा भार खेळाडूवर. पहिल्या फेरीत हरलं की प्रवासखर्चही सुटत नाही. बालेवाडीत 2018 मध्ये आलेली पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची एटीपी स्पर्धा 2023 नंतर गेली. तिच्यात यजमान म्हणून भारतीय खेळाडूंना मिळणारे थेट प्रवेशही तिच्याबरोबर गेले.

खेळावरच्या मालिकेचं परीक्षण करताना म्हणूनच काही साधे प्रश्न आधी विचारायला हवेत. कॅमेऱ्याला आत कुणी येऊ दिलं आणि कोणत्या अटींवर? निर्णय घेणाऱ्या संस्थेला जाब विचारला का? खेळाचं कसब समजेल इतका वेळ सामना दाखवला का? आणि क्रमवारीत दोनशेच्या खाली असलेल्या खेळाडूची गोष्ट कुठे आहे? पेस आणि भूपती यांच्यापैकी कुणाची चूक होती, हे कळल्याने प्रेक्षकाचं कुतूहल शमेल. वरचे प्रश्न समीक्षेने लावून धरले, तर पुढची मालिका काढणाऱ्याला मात्र फक्त भांडणावर भागवता येणार नाही.