तीळ, वाळू आणि पेंड

वाळूतून तेल निघण्यासारखी असंभाव्य गोष्टही माणसाच्या हट्टापुढे नमेल, असा दृष्टान्त भर्तृहरीने दिला, वामनपंडितांनी तो मराठीत आणला, आणि आपल्या कित्येक पिढ्यांनी तो शाळेच्या बाकावर घोकला. परंतु सांख्यांचा दाखला नेमका याच्या उलट, आणि माझ्या मते अधिक खोल आहे. तेल तिळातूनच निघते, वाळूतून निघत नाही, कारण कार्य हे प्रकट होण्यापूर्वीच कारणात वसत असते, असे ते म्हणतात, आणि यालाच सत्कार्यवाद हे नाव आहे.

दक्षिण ओमानात मरमूल येथे तेल उपसले जाते ते खरोखरच वालुकाश्माच्या पोटातून, त्यामुळे पहिल्या क्षणी भर्तृहरीचीच सरशी झाली असे वाटते. परंतु भूवैज्ञानिक लगेच सांगतो की वाळू ही तेथे केवळ धर्मशाळा, तेल हे मुक्कामाला आलेले पाहुणे, आणि त्याचे मूळ गाव त्या प्रदेशात बरेच खाली, हुक्फ समूहातील सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वीच्या, सेंद्रिय द्रव्याने काळवंडलेल्या थरांत आहे. म्हणजे तीळ निराळे आणि वाळू निराळी, हा सांख्यांचा भेद वाळवंटातही कायमच राहिला.

हे तीळ ओळखायचे कसे? उत्तरेकडे अदम गावाजवळच्या सलाख डोंगरात नतीह नावाचे क्रिटेशस काळातील थर उघड्यावर आले आहेत. काटेकोर बोलायचे तर त्यातील काळे पट्टे निव्वळ शेलचे नसून मातीमिश्रित चुनखडीचे आहेत, पण उगमखडकाची कामगिरी ते शेलइतक्याच निष्ठेने बजावतात. ताजा तुकडा हातोडीने फोडून नाकाशी धरला की रॉकेलच्या रिकाम्या डब्याची आठवण व्हावी असा किंचित वास येतो, आणि बोटावर मात्र तेलाचा थेंबही लागत नाही. प्रयोगशाळेत याच तुकड्याची जेमतेम 100 मिलिग्रॅम पूड मुशीत घालून ती 300 अंशांपासून मिनिटाला 25 अंश या गतीने तापवीत 600 अंशांच्या पुढे नेतात. आरंभी जे मुक्त द्रव्य उडते त्याचे आलेखावर एक लहान शिखर उमटते. पुढे केरोजेन, म्हणजे दगडात बांधलेले घन सेंद्रिय द्रव्य, भंगू लागले की दुसरे, बहुधा फार मोठे, शिखर उभे राहते, आणि ते ज्या तापमानाला उभे राहते त्यावरून दगड किती शिजला हे कळते. 435 अंशांच्या आत तो कच्चा, हा ढोबळ संकेत.

कार्य कारणात आधीच असते म्हणणारे सांख्य आणि ते नव्याने उत्पन्न होते म्हणणारे न्याय, या दोन्ही दर्शनांची खरी कसोटी या दुसऱ्या शिखरापाशी आहे. पहिले शिखर म्हणजे तिळातील तेल, तेथे सांख्याला कोणी आव्हान देणार नाही. पण दुसऱ्या शिखराचे तेल दगडात होते काय? होते, पण अव्यक्त रूपाने, असे सांख्य म्हणेल. केरोजेन म्हणजे तेल नव्हे, घाण्यात पिळणे निराळे आणि भट्टीत घडविणे निराळे, तेव्हा येथे पूर्वी नसलेल्या वस्तूची उत्पत्ती झाली, असे नैयायिक उत्तर देईल. बराच काळ माझा कल नैयायिकाकडे होता.

मात्र वजनाने सारखाच सेंद्रिय कार्बन असलेले दोन दगड घ्यावेत आणि एकाने भरभरून द्यावे, दुसऱ्याने काहीच देऊ नये, ही या परीक्षेतील नित्याची घटना आहे. अग्नी तोच दिसत असूनही दाह रोखणाऱ्या मण्याच्या सान्निध्यात जाळत नाही, म्हणून शक्ती हा स्वतंत्र पदार्थ मानावा, असा युक्तिवाद प्राभाकर मीमांसकांनी केला होता. येथे ती शक्ती हायड्रोजनच्या रूपाने मोजता येते. कार्बनच्या दर ग्रॅममागे किती मिलिग्रॅम हायड्रोकार्बन निघाले या हिशेबाने दगडाची प्रत ठरते, आणि सहाशेच्या वर आकडा गेला तर तो दगड पहिल्या प्रतीचा समजतात.

परंतु हा आकडा शिल्लक सांगतो, मूळ ठेव सांगत नाही. ज्या दगडातून आज शून्य निघाले तो जन्मतःच वांझ होता, की आपले सर्वस्व देऊन बसला आहे, याचा फैसला, दुसरे शिखरच उभे न राहिल्याने, एकट्या मुशीवर होत नाही; त्यासाठी दगडाने सोसलेली उष्णता निराळ्या साक्षीने रुजू करावी लागते. एरवी ही साक्ष शेलमध्ये अडकलेले प्राचीन वनस्पतींच्या काष्ठाचे कण देतात, त्यांची चमक उष्णतेबरोबर वाढत जाते. हुक्फच्या थरांत मात्र ती सोय नाही, कारण ते साचले तेव्हा पृथ्वीवर झाडच उगवलेले नव्हते.

येथे मला सांख्यांच्या दृष्टान्तातील एक गाळलेली वस्तू आठवते. घाण्यातून तेल निघाले की मागे पेंड उरते, आणि तिच्याविषयी ते फारसे बोलत नाहीत. ओमानातील परीक्षक पुष्कळदा हाती पेंडच घेऊन बसलेला असतो: तिच्यावरून त्याला तिळाचा अंदाज करायचा, आणि निघून गेलेले तेल कोणत्या वालुकाश्माच्या आश्रयाला गेले याचा माग काढायचा. एवढे करून मूस थंड झाली की तिच्या तळाशी चिमूटभर काळपट भुकटी राहते. ती पेंड त्याची स्वतःची.