रक्ताची समजूत

रक्ताच्या नात्याची महती आपण गातो. खुद्द रक्त ते नातं मानत नाही. आईने दिलेली किडनीसुद्धा मुलाच्या पांढऱ्या पेशींना घुसखोरच वाटते. डिसेंबर 1954 मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी केलेलं पहिलं यशस्वी किडनी-प्रत्यारोपण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवाचून टिकलं, कारण रिचर्ड आणि रोनाल्ड हेरिक हे एकसारखे जुळे भाऊ होते. बाकीच्यांना रक्ताची समजूत काढावी लागते. रोज, गोळ्यांनी, किडनी चालू आहे तोवर.

समजूत म्हणायची, असते दडपशाहीच.

मायकोफेनोलेट, अझाथायोप्रिन यांचं कामच पांढऱ्या पेशींची वाढ रोखणं. पण लाल पेशी आणि प्लेटलेटही त्याच अस्थिमज्जेत घडतात, आणि औषधाला एवढा विवेक नसतो. काउंट फार उतरला तर डोस घटवायचा. घटवला की शरीर किडनी नाकारेल ही धास्ती.

उलट, याच गोळ्यांतल्या प्रेडनिसोलोनने जंतू नसतानाही पांढऱ्या पेशींचा आकडा वाढतो. आणि जंतू असूनही ताप येईलच असं नाही. ओरडणाऱ्याचंच तोंड आपण दाबून ठेवलेलं.

लाल पेशींची तऱ्हा आणखी न्यारी. निकामी किडनी एरिथ्रोपोएटिन पुरेसं बनवत नाही, म्हणून डायलिसिसवरचा माणूस फिकट दिसतो. नवी किडनी ते बनवू लागते, हिमोग्लोबिन चढतं, घरात पेढे येतात. काहींचं मात्र चढतच राहतं. रक्त दाट होतं, गुठळीचं भय उभं राहतं. एकेकाळी ज्याला रक्ताच्या पिशव्या लावल्या, त्याचंच रक्त काढून टाकायची वेळ येई. आता बहुधा लोसार्टन किंवा एनालाप्रिल, म्हणजे रक्तदाबाचीच गोळी, ते काम करते.

त्यात टॅक्रोलिमस, दडपशाहीतलंच आणखी एक औषध, लाल पेशींना चिकटून फिरतं. हिमोग्लोबिन पडलं, की गोळी तितकीच घेऊनही रक्तातली त्याची लेव्हल कमी दिसू शकते. तेव्हा रिपोर्टातला एकटा आकडा वाचू नये, शेजारचाही वाचावा. छापील ‘नॉर्मल’ची चौकट या माणसांसाठी आखलेलीच नाही.

टॅक्रोलिमसची लेव्हल तपासायच्या दिवशी त्याची सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्या. अझाथायोप्रिन चालू असताना कुणी युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल लिहून दिलं, तर पहिली गोळी घेण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना फोन करा: या दोन गोळ्या एकत्र आल्या की पांढऱ्या पेशी जिवावर बेतेल इतक्या खाली जाऊ शकतात.