गाडी का तापली?



आजच्या वाचनात गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक आला. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत तिथे सांगतात: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या देवता. पण आज वाचताना माझ्या डोळ्यांसमोर शरीर आलंच नाही. खंबाटकी घाटात वाफा सोडत उभा असलेला आमचा ट्रक आला.

आमच्या घरचा एकच ट्रक. बाबांची तब्येत बिघडल्यापासून त्याचा हिशेब मी पुण्यातून बघतो, म्हणजे ऑफिसच्या दोन मीटिंगच्या मधे. चालवतात तात्या, मी शाळेत होतो तेव्हापासून. एप्रिलमधल्या एका शुक्रवारी गाडी माल भरून कराडला निघाली होती, मलाही गावी जायचं होतं, म्हणून केबिनमध्ये बसलो. घाट लागला आणि दहा मिनिटांत काटा लाल पट्टीकडे सरकला. तात्या थांबायला जागा शोधत होते, तेवढ्यात काटा झपकन खाली आला.

"उतरला की!" मी म्हणालो.

तात्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. "उतरला म्हणूनच बंद केली दादा. पाणी खाली गेलंय, सेन्सर कोरडा पडलाय."

मी रोज आठ तास सर्व्हरचे डॅशबोर्ड बघतो. मोजणारी वस्तूच बंद पडली की आकडे छान दिसतात, हे मला तरी कळायला हवं होतं. मला सुचलं ते वेगळंच. "निघताना पाणी बघितलं नव्हतं का? इंजिन गेलं तर पगारातून कापावं लागेल, तात्या." असं मी खरंच बोललो. ते काही बोलले नाहीत. चाकाला दगड लावला आणि पायथ्याच्या मिस्त्रीला फोन केला.

मिस्त्री आला तोवर इंजिन निवलं होतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतलं दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर येतं, म्हणून त्याआधी कुणी हात लावला नव्हता. फॅनचा बेल्ट घट्ट होता. पाइप फुटलेला नव्हता. पाणी भरून गाडी चालू केली. वरचा पाइप हात लावू देईना, खालचा मात्र गारच. म्हणजे पाणी फिरत नव्हतं. एक तर थर्मोस्टॅट उघडत नसणार, नाही तर रेडिएटर तुंबलेला. पुन्हा बंद करून, निववून मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढला आणि जवळच्या टपरीवर चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडला. (टपरीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होता.) थर्मोस्टॅट व्यवस्थित उघडला.

राहिला रेडिएटर. मोबाइलच्या उजेडात आत बघितलं तर नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर, घरच्या गीझरच्या कॉइलवर बसतो तसाच. "बोअरचं पाणी घालता काय?" मिस्त्रीने विचारलं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार उष्णतेने आत चिकटत जातात. सपाट रस्त्यावर अर्धा तुंबलेला रेडिएटरही भागवून नेतो. घाटात भरलेली गाडी लहान गिअरमध्ये चढते, इंजिनाला सगळा जोर लावावा लागतो, आणि वेग कमी म्हणून समोरून वारा लागत नाही. तिथे भागत नाही. मला जे अचानक वाटलं, ते कित्येक महिने चाललं होतं.

तात्या अजूनही गप्प. मी फोन काढला आणि उगाच मागे मागे सरकवत गेलो. जानेवारीतला त्यांचा मेसेज सापडला, फोटोसकट: कूलंट संपलंय, नुसतं पाणी घालतोय, रेडिएटर पण एकदा साफ करून घेऊ. खाली माझं उत्तर: एक अंगठा. आणि मग, "पुढच्या महिन्यात बघू."

आता श्लोकाकडे येतो. पुढच्या सोळाव्या श्लोकात म्हटलंय की पाच कारणं असताना जो केवळ आत्म्यालाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसत नाही. मी तर आत्म्यापर्यंतही गेलो नव्हतो. स्टिअरिंगवर जो बसला होता तो कर्ता, विषय संपला. जड पाणी, घाट, एप्रिलचं ऊन, माझा अंगठा, यातलं काहीच मोजलं नाही. इतकं सरळ आहे.

पण मला खरी अडचण दुसरीकडे वाटते. पाच कारणं कळल्यावर मी लगेच त्यांच्या मागे लपू शकतो. आमच्या ऑफिसात सिस्टिम पडली की कुणा एकाला दोष न देता कारणं लिहायची पद्धत आहे. पद्धत चांगली आहे, माणसं घाबरत नाहीत, खरं सांगतात. तरी मी स्वतः असे अहवाल लिहिलेत ज्यात "संवादात त्रुटी राहिली" असं एक वाक्य असतं, आणि ती त्रुटी कुणाची ते वाचणाऱ्याला कधीच कळत नाही. घाटातही मनात तेच वाक्य तयार होत होतं. मग कर्ता कुणीच नाही का? मला तसं वाटत नाही. यादीत कर्ता एकटा नाही, पण तो वगळलेलाही नाही. सतराव्या श्लोकात अहंकार गेलेल्या माणसाला कर्म चिकटत नाही म्हटलंय खरं, पण ती सवलत पगार कापायच्या गोष्टी करणाऱ्याला लागू होत नाही. आणि माझ्याकडे त्या दिवशी तरी अहंकार पुरेसा होता.

गाडी मिस्त्रीच्या भरवशावर सोडून आम्ही एसटीने गावी गेलो. वाटेत बोललो नाही. हेड वाकलं नव्हतं, गॅसकेटही शाबूत, असं दुसऱ्या दिवशी कळलं. तात्यांनी काटा उतरलेला बघून इंजिन बंद केलं नसतं तर तसं झालं नसतं. रविवारी बाबांसमोर, तात्या बसलेले असताना, मी तो मेसेज वाचून दाखवला आणि पगाराचं बोललो तेही सांगितलं. बाबा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी तात्यांना "चुकलो" म्हणालो. ते जरा अवघडले, टोपी नीट केली, आणि म्हणाले, "दादा, कूलंट तयार मिळतं त्यातलं आणू, का पाण्यात मिसळायचं?"

मला माहीत नव्हतं. म्हटलं, तुम्ही सांगा.